पंच्याण्णव म्हणजे बरोबर

आमच्या इवायांइतका गरमीशी वैर धरणारा माणूस साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि देवाने त्यांना जन्माला घातलं ते दिग्रसला, जिथे चैत्र लागला की घरातल्या भिंतीही तव्यासारख्या तापतात. इवाई म्हणजे माझ्या सुनेचे वडील. पुस्तकात व्याही लिहितात, आम्ही इवाई म्हणतो. माझा मुलगा आणि त्यांची मुलगी नागपूरला असतात. आम्ही दोघं म्हातारे इकडे एकाच गावात, दोन गल्ल्या सोडून. त्यांची बायको गेली, माझा नवरा गेला. भाजी बरी झाली की मी वाटी झाकून नेऊन देते आणि ते माझ्या घरातल्या बिघडलेल्या वस्तू न विचारता दुरुस्त करून ठेवतात. आमच्याकडे इहिणीचा, म्हणजे विहिणीचा, मान मोठा. उन्हाळ्यात इहीण घरी आली की तिला कूलरसमोर बसवायचं, पाणी द्यायचं, मग बाकीचं बोलायचं. मी एकदा भर वैशाखात त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्यासमोरचा कूलर चाकांवर ढकलत कोपऱ्यातल्या कंप्युटरकडे नेऊन उभा केला. मी पदराने वारा घेत बसले. म्हणाले, "इहीनबाई, तुमी पाच मिनिटं दम धरू शकता. त्याले नाही धरता येत." दुसरी कोणी असती तर तिने पुढच्या लग्नकार्यात ही गोष्ट काढली असती. मी त्याच दिवशी साऱ्या गल्लीत सांगितली.

त्यांची सारी नोकरी जिनिंगमध्ये गेली. तिथे ते फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे दिवसभर धडधडत असतात, आणि एखादं बेरिंग तापलं की त्यातून ठिणगी, ठिणगीतून आग, आणि एकदा रुई पेटली की ती कोणाचं ऐकत नाही. म्हणून इवाई दिवसभर रेच्यांमधून फिरत आणि प्रत्येकाला उलटा हात लावून बघत, आई जसा लेकराच्या कपाळाला लावते तसा. थर्मामीटर नाही, काही नाही. हात लावायचा आणि सांगायचं, "हा बंद करा," किंवा "चालू द्या, संध्याकाळपर्यंत काही नाही होत." मालकसुद्धा मान हलवायचा. ही सवय पुढे त्यांच्या अंगातच मुरली. कोणाच्याही घरी गेले की फ्रिजच्या मागे हात, मिक्सरला हात, टीव्हीच्या डोक्यावर हात. माझ्या मुलाच्या आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात वरमाला राहिली बाजूला आणि नवरीचे वडील बँडवाल्याच्या गाडीवर चढून आवाजाच्या पेटीला हात लावून उभे. खाली उतरले आणि म्हणाले, "दोन गाने झाले की थांबवा. पेटी जळते." बँडवाल्याने ऐकलं नाही. तिसऱ्या गाण्याला पेटीतून धूर निघाला आणि वरात ढोलावर आली. त्या दिवशी आमच्याकडच्या पाहुण्यांनी त्यांना हात जोडले आणि बँडवाल्याला शिव्या दिल्या.

आता ते कशालाच हात लावत नाहीत. आता त्यांच्या खिशात ते कोरोनाच्या वेळचं पिस्तूल असतं, कपाळासमोर धरलं की आकडा दाखवणारं. त्यासारखंच दुसरं एक मोठं त्यांनी मशिनींसाठी मागवलं आहे. दूध उतू जायच्या आधी त्यावर धरतात, तव्यावर धरतात, भाकरीवर धरतात, आणि घरी आलेल्या प्रत्येक माणसाच्या कपाळासमोर धरतात. लोक हसतात. पोस्टमन दारात आला की स्वतःच टोपी काढून कपाळ पुढे करतो आणि म्हणतो, "घ्या काका, मोजा, मले पुढं जाचं हाये." मीही गुपचूप उभी राहते. मला कारण माहीत आहे, म्हणून.

त्यांच्या बायकोला ताप आला तेव्हा त्यांचा मुलगा अमरावतीला शिकत होता आणि त्याची परीक्षा चालू होती. इवायांनी बायकोच्या कपाळाला उलटा हात लावला, जसा जन्मभर रेच्यांना लावला, आणि म्हणाले, साधा ताप आहे. मुलाचा फोन आला तर त्यालाही तेच सांगितलं, "साधा ताप हाये, तू पेपर दे." ताप साधा नव्हता. डॉक्टरकडे नेलं तोवर तो डोक्यात गेला होता. मुलगा आला तेव्हा आई बोलत नव्हती, आणि पुढे बोललीच नाही. सगळं आटोपल्यावर, बायका रडून दमल्यावर, तो बापाजवळ आला आणि त्याने एकच गोष्ट विचारली, "किती होता ताप?" इवाई म्हणाले, "हाताले तं साधाच लागला." मी तिथेच होते, चहाचे कप उचलत होते. पोराने बापाच्या हाताकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि बाहेर निघून गेला. वर्षश्राद्धाला आला तेवढाच. नंतर तो हैदराबादला नोकरीला लागला. नागपूरला बहिणीकडे येतो आणि तिथूनच परत जातो. दिग्रसच्या घराची पायरी काही तो चढला नाही, आणि फोन तर बंदच झाला. दोघांपैकी कोणीही भांडलं नाही, हेच वाईट झालं. भांडले असते तर मिटवायला काहीतरी हाती आलं असतं.

मुलाचा जुना कंप्युटर मात्र घरीच राहिला होता. त्याने कॉलेजात असताना सुटे भाग आणून स्वतः जोडलेला, काळा, कपाटाएवढा डबा. इवाई त्यावर धूळ बसू देत नसत. एका उन्हाळ्यात तो चालू केला की थोड्या वेळाने आपोआप बंद पडायला लागला. गावातल्या दुकानदाराने सांगितलं, जुना झाला, टाकून द्या. इवायांना ते सहन झालं नाही. त्यांनी मनाचा हिय्या करून मुलाला फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "तुझं मशीन बंद पडून राह्यलं." मग पोराने विचारलं, "टेंपरेचर किती?" इवाई म्हणाले, पाहून सांगतो. कुठे पाहायचं ते त्याने सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी यांनी पुन्हा फोन करून आकडा सांगितला. त्याने काहीतरी करायला सांगितलं. ते केल्याचं सांगायला यांनी तिसऱ्यांदा फोन केला. असे बापलेक पुन्हा बोलायला लागले. एवढी एकच वाट उघडी होती आणि ती त्या डब्यातून जात होती. ती बंद पडू द्यायची नाही, एवढ्यासाठी त्या माणसाने म्हातारपणी जे जे केलं त्याला लोक वेडेपणा म्हणतात.

तर त्या डब्याच्या पोटात एक प्रोसेसर असतो, कुंकवाच्या डबीएवढा, आणि कंप्युटरची सगळी अक्कल त्यातच असते. कंपनी तो एका ठरावीक वेगाने चालायला देते. पण काही लोकांना तेवढ्याने समाधान होत नाही. ते आत कसली कसली सेटिंग बदलून त्याला ठरल्यापेक्षा जोरात पळवतात. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. जास्त पळवला की तो जास्त तापतो, तापला की बंद पडतो, म्हणून आधी त्याला गार करायची सोय करावी लागते, वर पंखा आणि मधे उष्णता ओढून घेणारी पेस्ट. हे मला इवायांनी इतक्या वेळा सांगितलं आहे की मी झोपेतही सांगेन. ते म्हणतात, "शंकरपटातला बैल पाह्यला ना? मारून नाही पळत तो. त्याचं अंग पाहा लागते, दम पाहा लागते. हे तसंच हाये." आणि म्हणतात, एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले दोन प्रोसेसरही सारखे नसतात. एक थोडक्या विजेवर मस्त पळतो आणि दुसरा नुसता तापतो. मी म्हटलं, मला पाच लेकरं झाली, हे मला कंप्युटरशिवाय माहीत होतं.

मुलानेच त्यांना हे शिकवलं, फोनवरून, हळूहळू. आणि इवायांना ते असं भिनलं की साऱ्या वर्षाचं पंचांग त्याने ठरायला लागलं. लोक दिवाळीनंतर गोधड्या काढतात तेव्हा हे प्रोसेसरचा वेग वाढवतात. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी आंघोळ करून वेग उतरवतात. पौषात त्यांचा खरा सण. सारं गाव दारं-खिडक्या लावून आत बसलेलं आणि यांच्या घराच्या चारी खिडक्या उघड्या. हे कानटोपी, स्वेटर, वरून घोंगडी घेऊन त्या डब्यासमोर, कारण थंडी वाया जाऊ द्यायची नाही. शेजारची बाई म्हणाली, "काका, उघड्या खिडकीतून चोर येईन ना!" हे म्हणाले, "आला तं त्याले सांगजो, जाताना खिडकी लावू नको." त्या हिवाळ्यात त्यांचा आकडा पाचाच्या वर गेला. पाच काय, ते मला विचारू नका. त्यांनी मला रस्त्यात गाठून सांगितलं, आणि समोरच्या दुकानदाराने बाहेर येऊन कोणी आजारी आहे का म्हणून चौकशी केली, इतका त्यांचा आवाज चढला होता. आणि एवढं पळवून त्यावर करायचे काय? तर पत्त्यांचा खेळ. आणि कापसाचे भाव पाहायचे. यांच्याकडे हातभर शेत नाही. मी विचारलं तर म्हणाले, "टेस्ट करतो." म्हटलं, कशाची? म्हणाले, "किती पळते त्याची." मी म्हटलं, म्हणजे गाडी घ्यायची आणि गावाला जायचंच नाही. ते हसले नाहीत. ते आपल्या मशिनीच्या बाबतीत कधी हसत नाहीत.

उन्हाळ्यातला रांजण तर साऱ्या दिग्रसने पाहिला. आमच्याकडे दारापुढे वाळूत रांजण पुरायची रीत आहे. वाळू भिजवत राहिलं की आतलं पाणी गार होतं, येणारे-जाणारे पितात, आशीर्वाद देतात. इवाई दरवर्षी भरतात, त्यांची बायको भरत असे म्हणून. एका उन्हाळ्यात कूलर पुरेना तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की हा रांजण दिवसभर गार असतो, तो काय नुसता माणसांनीच वापरायचा? त्यांनी प्रोसेसरवरून पाणी फिरवणाऱ्या नळ्या बसवून खिडकीतून बाहेर आणल्या, तांब्याच्या नळीचं वेटोळं केलं, ते रांजणात सोडलं, आणि कूलरचा छोटा पंप लावून नळ्यांतलं पाणी आतबाहेर फिरवलं. आणि खरं सांगते, ते चाललं. बाहेर पेटलेलं ऊन आणि मशीन गार. इवायांनी मुलाला फोन केला तेव्हा तो हैदराबादला मोठ्याने हसला. मी ऐकलं, फोनचा आवाज नेहमीच मोठा असतो. इवायांनी फोन खाली ठेवला. मला म्हणाले, "हसला तो." म्हटलं, ऐकलं.

पण रांजण शेवटी रस्त्यावरचा. बाजाराच्या दिवशी मजुरीच्या बायांचा एक घोळका भर उन्हात तिथे थांबला. इवाई आत सगळ्यात मोठी टेस्ट लावून बसले होते. बाया एकामागून एक पाणी पीत गेल्या, तोंडावर मारत गेल्या, डबे भरून घेत गेल्या. रांजणातलं पाणी उतरलं आणि तांब्याचं वेटोळं उघडं पडलं. आत आकडा वर चढायला लागला. इवाई दारात आले. आता काय म्हणावं? उन्हाळ्यात तहानलेल्याला पाणी नाही म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. एक बाई म्हणाली, "भाऊ, या सालच्या पाण्याले तांब्याचा वास काहून येते?" हे म्हणाले, "तब्येतीले चांगलं असते, पेय माय." दुसरी म्हणाली, "अन् कोमट काहून झालं?" हे म्हणाले, "तेही चांगलं असते." आणि आत जाऊन गुपचूप मशीन बंद करून आले. टेस्ट अर्धी राहिली. त्या बाया त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य देऊन गेल्या. त्यांनी लगेच रांजण पुन्हा भरला आणि दुसऱ्या दिवशी नळ्या काढून टाकल्या. मुलाला सांगितलं, "लोकायचं पाणी हाये, आपल्याले नाही चालत." तो म्हणाला, "बरोबर हाये बाबा." हे "बाबा" त्यांनी मला चारदा म्हणून दाखवलं.

रविवारी सकाळी बापलेकांचा फोन असे. मी त्या वेळेला मुद्दाम वाटी घेऊन जात असे. ऐकायला, दुसरं काय. त्यांचं बोलणं असं:

"किती?"

"एक्क्याऐंशी."

"घरात किती?"

"अडतीस. कूलर चालू हाये."

"पेस्ट बदलली?"

"बदलली. जुनी पार वाळून गेलती."

"मग व्होल्टेज जरासं कमी करून पाहा."

"कमी केलं का बंद पडते ना रे."

"एकदम नका करू. थोडं थोडं करा. मी हाये फोनवर."

आणि मग तो फोनवर थांबे आणि हे बटणं दाबत बसत, आणि मशीन बंद पडून पुन्हा सुरू होईपर्यंत दोघंही गप्प. तासतासभर चाले हे. कसे आहात नाही, काय खाल्लं नाही, घरी केव्हा येतो नाही. मी एकदा म्हटलं, त्याला दिवाळीला ये म्हणा की. इवाई म्हणाले, "त्याच्या मनात असन तं येईन." मी म्हटलं, आणि त्याच्या मनात तुम्ही बोलवायची वाट पाहायचं असेल तर? त्यावर त्यांनी पिस्तूल काढून माझ्या भाजीचं टेंपरेचर घेतलं. त्यांना उत्तर द्यायचं नसलं की ते असं करतात.

यंदा होळीच्या आधी मुलाने नवा कंप्युटर पाठवला. स्वतःच जोडला, नव्या प्रोसेसरचा, आत्ता आत्ता बाजारात आलेला. पाठवताना त्याचा हेतू चांगला होता, मी त्याला दोष देत नाही. म्हातारा बाप उन्हाळ्यात कूलर ढकलत फिरतो, खिडक्यांतून नळ्या ओढतो, त्याला आता आराम पडावा, एवढंच त्याच्या मनात. कुरिअरवाल्याने खोकं आणलं तेव्हा इवायांनी आधी खोक्याचं टेंपरेचर घेतलं. मग हात धुऊन उघडलं, जोडलं आणि मुलाला फोन लावला. मी पेढे घेऊन गेले होते. मशीन सुरू झालं. यांनी टेस्ट लावली. आकडा पाहता पाहता वर चढला आणि पंच्याण्णववर जाऊन उभा राहिला. इवाई ताडकन उठले, जिनिंगमध्ये आग लागल्यासारखे.

"पंच्याण्णव आलं रे! बंद करू काय? बंद करतो मी!"

"नका करू, नका करू. पंच्याण्णव म्हणजे बरोबर हाये."

"काय बरोबर? जळते ना ते!"

"नाही जळत बाबा. हे नवीन तसंच बनवलं हाये. ते स्वतःच पाह्यते किती पळाचं ते. पंच्याण्णवपर्यंत जाते अन् तिथंच थांबते. त्याच्या वर जातच नाही."

"मग आपण किती वाढवाचं?"

"काही वाढवाचं नाही. जेवढं वाढते तेवढं कंपनीनंच वाढवून देल्लं. तुमी काही करूच नका. निवांत राहा."

निवांत राहा. इवायांनी हे दोन शब्द असे ऐकले जसे नोकरीच्या शेवटच्या दिवशी मालकाचे ऐकले असतील. मी दिलेला पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला. हळूच म्हणाले, "इहीनबाई, हे तं स्वतःच हात लावून पाह्यते स्वतःले."

त्यानंतर रविवारचे फोन आटायला लागले. पहिल्या रविवारी पोराने विचारलं, किती. यांनी सांगितलं, पंच्याण्णव. तो म्हणाला, बरोबर आहे. पुढे काय बोलायचं ते दोघांपैकी कोणालाच सुचेना. मग यांनी पेस्टचं विचारलं, तो म्हणाला गरज नाही. व्होल्टेजचं विचारलं, तो म्हणाला ते तेच ठरवते. पंख्याचं विचारलं, तेही तेच ठरवते. पुढच्या रविवारी फोन त्याहून लहान झाला. एका रविवारी तर नुसतं, "चालू हाये ना?" "हाये." "मग ठीक." एवढंच झालं आणि मी वाटी खाली ठेवायच्या आत फोन संपला. इवाई उगाच म्हणाले, "त्याले काम असन." जुना काळा डबा त्यांनी पुन्हा जोडून पाहिला, पण त्याचं काही सांगायला गेले तर मुलगा म्हणाला, "ते कायले चालवता आता? नवं देल्लं ना." पोराने बापाला आराम दिला आणि त्यात दोघांचं बोलणं मेलं. हे मला दिसत होतं, पण सांगायचं कोणाला? चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीची तक्रार करता येत नाही.

मग वैशाखातला तो रविवार. मी आमरस घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं. आत पाऊल टाकलं आणि भट्टीत आल्यासारखं झालं. खिडक्या बंद, कूलर बंद, पंखा बंद. इवाई बनियनवर, घामाने निथळत, खुर्चीवर बसलेले, आणि नव्या कंप्युटरवर गोधडी. एक नाही, दोन. चारी बाजूंनी खोचून खोचून गुंडाळलेलं, जसं थंडीतापाच्या माणसाला गुंडाळतात. मला वाटलं, ऊन लागलं यांना.

"काय लावलं हे इवाई? काहून गुंडाळलं त्याले?"

"गरम करून राह्यलो."

"कायले?"

मी रसाचं भांडं खाली ठेवलं आणि गोधडीला हात घातला, तर ओरडले, "राहू द्या! खोटं नाही बोलता येत मले. आकडा खरा पाहिजे."

तेव्हा मला कळलं. या माणसाने गरमीशी जन्मभर वैर धरलं, आणि तो भर वैशाखात स्वतः घामाच्या धारा गाळत मशीन तापवत बसला होता, का, तर शंभराच्या वर जाऊ दे, बंद पडू दे, म्हणजे पोराला फोन करून खरोखरीच सांगता येईल की मशीन बिघडलं, आता काय करू? मग तो तासभर समजावेल. जमलं तर येऊनही पाहील. मी दुसऱ्या खुर्चीच्या काठावर बसले. म्हटलं, किती झालं? ते म्हणाले, "पंच्याण्णव." म्हटलं, अजून तेवढंच? ते म्हणाले, "सकाळपासून तेवढंच. वेग कमी करते स्वतःचा. गोधडी वाढवली का अजून कमी करते. पण पंच्याण्णवच्या वर जात नाही. कायनंच जात नाही." त्या मशिनीइतकी समजदार वस्तू मी पाहिली नाही, आणि तिच्याइतका राग मला कशाचा आला नाही.

तरी फोन त्यांनी लावलाच. वेळ झाली होती. पोराने विचारलं, "किती?" इवायांनी गोधड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी एकशेदहा म्हणतील. म्हणाले, "पंच्याण्णव."

"मग बरोबर हाये, बाबा."

तो फोन ठेवणार हे मला समजत होतं, यांनाही समजत होतं. यांनी हाताने फोन झाकला आणि मला विचारलं, लहान पोरासारखं, "आता काय इचारू त्याले?"

मी म्हटलं, "जेवला काय ते इचारा."

ते म्हणाले, "ते तं त्याची माय इचारे."

माझ्या तोंडाला कुलूप लागायची वेळ फार क्वचित आली आहे. इवाई फोनकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात काढला आणि, बेरिंगला हात लावायच्या आधी जसे थांबत तसे जरा थांबून, म्हणाले, "जेवला काय रे?"

तिकडून पोराचा घाबरलेला आवाज आला, "काहून? काय झालं बाबा? बरं हाये ना तुमाले?"

"बरं हाये. सहजच."

मी मनात म्हटलं, ठेवतो आता. पण त्याने ठेवला नाही. म्हणाला, "जेवलो नाही अजून. वांग्याची भाजी केली होती. खारट झाली."

इवायांनी माझ्याकडे पाहिलं. यात त्यांना काही कळत नव्हतं. मी हळूच सांगितलं, "कणकेचा गोळा टाक म्हणा तिच्यात. मीठ ओढते."

"कणकेचा गोळा टाक तिच्यात," इवाई म्हणाले. "मीठ ओढते."

"केवढा टाकू?"

आता हे माप त्यांनी कुठून सांगावं? या एका गोष्टीचा आकडा त्यांच्या कोणत्याच पिस्तुलात नव्हता. त्यांनी मला विचारलं नाही. घामेजलेला हात वर केला, बोटं आत वळवून गोळ्याएवढा आकार केला, थोडा लहान केला, पुन्हा थोडा मोठा केला, आणि तो हात फोनसमोर धरून म्हणाले, "एवढा. पाह्य, एवढा."

साधा फोन होता, चित्राचा नव्हता. हैदराबादला कोणाला काय दिसणार होतं. पण ते हात तसाच धरून राहिले, आणि मी उठून खिडक्या उघडायला लागले.